आठशे किलोमीटर, पावणेदोन तास

युरोपातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर तोंडपाठ असलेला आणि त्यातल्या एकावरही पाऊल न ठेवलेला माणूस आमच्या भावोजींशिवाय दुसरा सापडायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्याच्या ट्रॅव्हल डेस्कवर त्यांनी सत्तावीस वर्षं इतरांची तिकिटं काढली. स्वतःसाठी वर्षातून एकच, मुंबईचं. कुणी कौतुकाने पॅरिस-रोमची सहल सांगायला लागलं की हे विचारणार, "फ्लाइंग टाइम सांगताय की गेट टू गेट?" सांगणाऱ्याचा उत्साह तिथेच खलास. बर दुबईहून अब्रा नावेतून खाडी ओलांडतानाही घड्याळ बघत बसायचे आणि नाव पलीकडे टेकली की "ऑन टाइम" म्हणून नावाड्याला शाबासकी द्यायचे.

पण खरा घोकलेला मार्ग एकच. मुलगा ॲम्स्टरडॅमला, मुलगी मिलानला. "आठशे किलोमीटर, पावणेदोन तास. इथून अबुधाबीतल्या मुसफ्फाला जाऊन यायला याहून जास्त वेळ लागतो," असं ते भेटेल त्याला ऐकवत. ऐकणाऱ्याला वाटे, मुलांची बढाई चाललीय. मला ठाऊक होतं, बहीणभाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. माझी बहीण, म्हणजे त्यांची आई, हॉस्पिटलात होती तेव्हा आधी कोणी निघायचं यावर दोघांचे मेसेज चालले. "यू गो फर्स्ट, आय हॅव अ डेडलाइन." तेवढ्यात ती गेली. अंत्यविधीला मात्र दोघंही वेळेवर पोचले. तेव्हापासून प्रत्येकाच्या मते दोष दुसऱ्याचा. मला विचाराल तर दोघांचाही, पण मला विचारतो कोण.

यंदा भावोजींची साठी झाली. नोकरी संपली, आता व्हिसाही संपणार. पुण्याला कायमचं परतण्याआधी इथल्या घरात साठीशांत करायची आणि मुलांना एकमेकांशी बोलताना बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. "भांडण मिटवा" असं फोनवर सांगणं त्यांना जन्मात जमलं नसतं. म्हणून जे येत होतं ते केलं: मुलाचं तिकीट मिलानमार्गे काढलं, तिथून दुबईपर्यंत दोघांना शेजारशेजारच्या सीटा दिल्या आणि दोघांपैकी कुणालाही पत्ता लागू दिला नाही. मला म्हणाले, "सहा तास शेजारी बसल्यावर बोलतीलच की. रक्ताची माणसं आहेत."

विमानतळावर मी सोबत होते. आधी मुलगी बाहेर आली, एकटी. पंचवीस मिनिटांनी मुलगा. "बाबा, दॅट वॉज नॉट फेअर," तो म्हणाला. "आय मूव्ह्ड टू द लास्ट रो." शांत यथासांग झाली. दोघांनी बापाला दोन बाजूंनी नमस्कार केला आणि तिसऱ्या दिवशी वेगवेगळ्या विमानांनी परत गेली. दोघांच्याही कानाखाली वाजवावी असं मला फार वाटलं, आणि मी त्यांना लाडवांचे डबे भरून दिले.

परवा सामान बांधायला मदत करत होते, तर भावोजी चादरीची घडी घालता घालता म्हणाले, "सहा तासांत एकदा तरी त्याने मान वर करून बघितलं असेल ना, ताई कुठे बसलीय ते?"

"बघितलं असेल हो," मी म्हणाले.

मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं. तरी त्यांनी मान डोलावली आणि दुसरी चादर घेतली.