उबाळेमामा आणि संबळवाल्याची मान

दवाखान्यात एमआरआय यंत्र चालवणारे दगडू उबाळे म्हणजे अख्ख्या लातूरचे मामा. एमआरआयच्या खोलीत शिरणाऱ्याचा दंडातला ताईत, करदोट्याची किल्ली, बंडीतला अडकित्ता, यंत्राचं चुंबक ओढेल असं सगळं ते नुसत्या नजरेनं हुडकायचे. एका आजोबांच्या धोतराच्या सोग्यातून तर त्यांनी चक्क घोड्याचा नाल काढला होता!

पण काळ्या बुरशीच्या साथीत मामांचं हसू आटलं. करोनातून उठलेली, साखरेनं पोखरलेली माणसं गाल सुजवून यायची. बुरशी नाकातून गालाच्या पोकळीत, तिथून डोळ्यामागं, तिथून मेंदूत. कुठवर पोचली ते एमआरआयनं सांगायचं, मग चाकू कुठवर चालवायचा ते ठरायचं.

अशात अंबादास रेणके आले. देवीचा गोंधळ घालणारा माणूस, चाळीस वर्षं संबळ वाजवलेला. उजवा डोळा सुजून मिटलेला. बायको गंगाबाई दाराशी पदर तोंडाला लावून बसलेल्या.

यंत्र धडधडायला लागलं आणि पडद्यावरचं चित्र असं फिसकटलं, जणू ओल्या पाटीवरून कुणी बोळा फिरवलाय.

"काका, मान हलवू नका!" मामा माइकवरून ओरडले.

"म्या कुठं हलवतोय? तुमचंच यंत्र थरथरतंय!"

मामांनी डोक्याभोवती उशा ठासल्या. तरी तेच.

डॉक्टर हंगरगेबाई म्हणाल्या, "मामा, आता शिरेतून औषध सोडायचंय. यांची मूत्रपिंडं थकलीत, पुन्हा देता येणार नाही. हे चित्र हललं तर मेंदूचं काहीच कळायचं नाही."

मामांनी काचेतून निरखून पाहिलं. रेणक्यांच्या पायाचे अंगठे यंत्राच्या ठेक्यावर नाचत होते! पायातला ठेका मानेत चढत होता, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

मामा आत गेले, त्यांच्या पायावर हात ठेवून म्हणाले, "काका, गोंधळात नाईक कथा सांगायला लागला की संबळवाला काय करतो?"

"काय करणार? गप उभा राहून ऐकतो. मधेच वाजवलं तर नाईक डोळे वटारतो की."

"मग आता कथा लागलीय बघा. हे यंत्र म्हणजे नाईक. तुम्ही फक्त ऐकायचं."

"असं व्हय! आधी सांगायचं की मग."

औषध गेलं, यंत्र पुन्हा कडकडलं. रेणके दगडासारखे पडून. पडद्यावर चित्र उमटलं, आरशासारखं लख्ख. जिवंत मांस औषधानं उजळलं. नाकातला एक पडदा आणि गालाच्या पोकळीचा कोपरा तेवढा काळाच राहिला, मेलेला. बाई खुर्ची पुढं ओढून एकेक चित्र बघत राहिल्या.

शेवटी त्या दाराशी आल्या. "गंगाबाई, मेंदू साफ आहे. डोळ्यामागं नुसती सूज आहे, बुरशी नाही. काळं झालेलं तेवढं उद्या सकाळी काढू."

गंगाबाईंना हुंदका आवरेना. मामांनीही हळूच चष्मा पुसला आणि रेणक्यांना उठवायला आत गेले.

रेणके बसते होत म्हणाले, "मामा, ऐकलं बगा सगळं मुकाट्यानं. पण तुमचा नाईक लई रटाळ हाय हो. अर्धा घंटा नुसतं दळण, देवीचं नाव एकदा सुदिक घेतलं नाही!"