आठशे मीटरला एक वीत

मी नववीला गणित शिकवते. तिरोड्याकडच्या एका गावातली शाळा आहे, आणि शाळेच्या मागूनच चोरखमारा तलावाचा नहर, म्हणजे कालवा, जातो. एकदा जानेवारीत गुणोत्तर शिकवताना मी फळ्यावर नहराचं उदाहरण घेतलं. उतार असतो म्हणून पाणी पुढे जातं, असं सांगून मी पुढच्या ओळीकडे वळले, तर एका पोराने खिडकीबाहेर बोट दाखवलं. उन्हाळी धानासाठी पाणी सोडलं होतं, नहर भरून चालला होता.

"म्याडम, उतार कुठं हाय? सपाट तर दिसून राहिलं. पाणी पुढं कायले जाते मग?"

मीही बाहेर पाहिलं. खरोखरच सपाट दिसत होतं. मी गोंदिया शहरात वाढलेली, आठ वर्षं या गावात शिकवणारी, रोज त्या नहराच्या काठाने शाळेत येणारी. पण मला तो उतार कधीच दिसला नव्हता. पुस्तकात होता म्हणून मी सांगत होते.

पुढच्या आठवड्यात वर्गाची सहल चोरखमाऱ्याला जायची होती. बांध बघायचा, डबे खायचे, खेळायचं, परत यायचं, एवढाच बेत. मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, या वेळी उतार मोजू. त्यांनी विचारलं, कशाने? मोजणीची दुर्बीण शाळेत कुठून असणार.

उत्तर वर्गातून आलं. खिडकीशेजारी बसणारी एक मुलगी होती. वर्षभरात ती स्वतःहून एक वाक्य बोलली नव्हती. नाव पुकारलं की उभी राहायची, मान खाली घालायची. तिचे वडील मिस्त्री, घरं बांधायचे, आणि सुटीच्या दिवशी ती त्यांच्यासोबत कामावर जायची. मधल्या सुटीत ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली की बाबांकडे लेव्हलची नळी आहे. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन जागी धरायची. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर थांबतं. पाया काढताना तसंच करतात. नळी वीस मीटरची आहे, एका दिवसासाठी बाबा देतील.

सहलीच्या दिवशी आम्ही तलावाजवळ नहराच्या काठावर उतरलो. बांबूच्या दोन काठ्यांना शिंप्याच्या टेपा चिकटवल्या होत्या. पाण्यात पेनातली निळी शाई घातली होती, म्हणजे नळीत नीट दिसेल. नहराच्या पाण्याला टेकेल अशी एक खुंटी ठोकली आणि तिथून मोजायला सुरुवात केली. दोघांनी काठ्या धरायच्या, दोघांनी नळीची टोकं, दोघांनी आकडे लिहायचे. एक टप्पा वीस मीटरचा, असे चाळीस टप्पे. दर पाच टप्प्यांनी पोरं बदलायची.

तासाभरात पोरं सराईत झाली. सहल म्हणून जी दंगा करत आली होती, ती आता एकमेकांना गप्प करत होती. पुढे सरकताना नळीची टोकं अंगठ्याने बंद ठेवावी लागायची. मध्ये एकदा कुणाच्या तरी अंगठ्याखालून टोक निसटलं आणि पाणी सांडलं. नहरातलंच पाणी बाटलीने भरून आम्ही पुन्हा पुढे निघालो.

चाळिसावा टप्पा झाला. तिथेही पाण्याला टेकवून खुंटी ठोकली. आकड्यांची बेरीज-वजाबाकी मी स्वतः केली, मग पोरांकडून करवून घेतली. उत्तर एकच येत होतं. पुढचं पाणी मागच्या पाण्यापेक्षा उंच होतं. आमच्या हिशेबाने नहर चढावर वाहत होता.

पोरं हसली. मीही हसले, पण आतून खचले. ऊन चढलं होतं, डबे बसमध्ये होते. चाळीस टप्प्यांत कुठे चुकलं ते आता कसं सापडणार? प्रयोग फसला तरी त्यातून शिकायला मिळतं, असं काहीतरी मी बोलायला लागले होते.

ती मुलगी ऐकत नव्हती. ती गुडघ्यांवर बसून नळी ओढणीने पुसत होती, वीतभर पुढे सरकायची आणि पुन्हा पुसायची. बाहेरून नळीला सगळा चिखल लागला होता. मधोमध आल्यावर ती थांबली. चिखलाखाली करंगळीएवढा एक बुडबुडा बसला होता. सांडल्यावर पुन्हा पाणी भरताना शिरलेला. तेव्हापासून प्रत्येक टप्प्यात तो तेवढीच चूक करत आला होता.

"हवा हाय यात," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "हे सगळं खोटं आलं. माघारी जाताना पुन्हा मोजू. तसंही जायचंच हाय."

मी डब्यांचं विचारलं. मोजल्यावर खाऊ, असं तिनेच सांगितलं, आणि नवल म्हणजे कुणी कुरकुर केली नाही. तिने नळी उभी धरून बुडबुडा वर काढला, पाणी भरलं, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान आहे याची खात्री केली. मग परतीचे चाळीस टप्पे. आता प्रत्येक टप्प्याला ती आधी पूर्ण नळीवरून नजर फिरवायची, मगच अंगठे काढायला सांगायची. वर्गातली सगळ्यात दांडगी पोरं तिच्या हुकमावर चालत होती.

उत्तर आलं एकवीस सेंटिमीटर. आठशे मीटरला एक वीत.

मी हाताची वीत पसरून त्यांना दाखवली, मग सगळ्यांनी आपापली पसरून पाहिली. कुणीतरी गणित पुढे नेलं. आपलं गाव इथून आठ किलोमीटर, म्हणजे उतार दोन मीटर. आपल्या वर्गाच्या दाराएवढा.

समोर पाणी चाललं होतं, सकाळपासून चाललं होतं तसंच. आठ किलोमीटर, धानाच्या इतक्या बांध्या, आणि त्या सगळ्यांना पाणी पोचवायला एका दाराची उंची पुरत होती. कुणीतरी कधीकाळी ही जमीन पायाखाली घालून तो एवढासा उतार शोधला होता, कुठेही न चुकता गावापर्यंत नेला होता. मला माझ्या आठ वर्षांची लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी पुन्हा एकदा वीत पसरून पाहिली. दुपारी आम्ही बांधावर गेलो. पलीकडे तलाव पसरला होता, दूरवर पाणपाखरं. एरवी पोरं धावत सुटली असती. त्या दिवशी ती काठावर ओळीने उभी राहिली, आणि एक पोरगा नुसताच म्हणाला, "हे सगळं पाणी खाली जायची वाट पाहून राहिलं न जी."

सोमवारी त्या नळीवाल्या मुलीचे वडील शाळेत आले. पहिल्यांदाच आले होते. त्यांना आकड्यांची वही बघायची होती. पोरगी सांगते त्यावर विश्वास बसत नव्हता. मी वही दिली. ते मागच्या बाकावर बसले आणि एकेका आकड्याखाली बोट ठेवत, ओठ हलवत वाचू लागले.

"वीस वर्षं झाली, या नळीनं मी भिंती करून राहिलो," ते म्हणाले. "नहर मोजता येते, हे मनातच नाही आलं जी."

तास सुरू झाला, मी शिकवायला लागले. ते वाचतच होते. पोरगी दोन बाकं पुढे पाठ ताठ करून बसली होती. मी फळ्यावर पहिलं उदाहरण लिहिलं आणि वळले, तेव्हा तिचा हात वर होता.