लाल दिव्यापाशी बसणारा धाकटा

पडदा वर गेला की पहिली टाळी कधीकधी नटाच्या आधी मागच्या चित्राला पडायची. रंगवलेला धबधबा असा काही कोसळत असायचा की पहिल्या रांगेतली माणसं पाय आखडून बसायची आणि टाळी ओसरेपर्यंत नायक हात वर करून ताटकळायचा. तो धबधबा ज्याने रंगवला तो माणूस त्या वेळी विंगेत, रंगात कालवायच्या सरसाची बादली पालथी घालून तिच्यावर बसलेला असे. त्याला कुणी पुढे बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तर तो मागच्या दाराने पळाला असता. नाटकवाले त्याला पडदेवाला म्हणत. घरात तो धाकटा.

मग पडदे गेले. आधी लाकडी भिंती आल्या, पुढे त्याही गेल्या आणि एका खुर्चीवर तीन-तीन अंक होऊ लागले. पडदेवाला दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. त्याही छापून मिळायला लागल्या. तेव्हा ब्रशांची पिशवी घेऊन तो थोरल्या भावाकडे ‘चार दिवस’ म्हणून आला आणि दुकानावरच्या खोलीत कायमचा राहिला. लग्नाचं वय नाटकांच्या दौऱ्यांत कधी निघून गेलं ते कळलंच नव्हतं.

थोरल्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दार उघडलं की डावीकडे फ्रेमांची कपाटं, उजवीकडे काच घासायचं यंत्र आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता: वर हाताएवढं अक्षर, खाली मुंगीएवढं. आल्या आल्या धाकट्याने तो नव्याने रंगवून दिला. मिशीएवढ्या ब्रशाने तो शेवटची ओळ काढत असताना दादा मागे उभा राहून म्हणाला होता, “बघ, धबधब्यापेक्षा हे कठीण. इथे अक्षराला टाळी नाही, नंबर मिळतो.”

दादाने दुर्बीणही स्वतःच बनवलेली. काचेवर काच घासून आरसा केला आणि गच्चीवर ती तोफेसारखी बसवली. त्याला नाद दीर्घिकांचा. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच अब्जावधी ताऱ्यांचं गाव. पण इतकं लांबचं, की दुर्बिणीतही ते फुंकर मारलेल्या धुरासारखं दिसतं. सरळ बघायला गेलं की नाहीसं होतं, जरा बाजूला बघितलं की कडेने हळूच येतं. फोटो काढणारे फोटो काढतात. दादाच्या आकाश बघणाऱ्या मंडळातले लोक मात्र डोळ्याने बघून हाताने चित्र काढणारे. त्यांचा नियम एकच: दिसेल तेवढंच काढायचं.

पहिल्याच वेळी धाकट्याने तो मोडला. दिव्याखालून उठून तो थेट दुर्बिणीपाशी गेला, त्याला काळोखाखेरीज काही दिसलं नाही, आणि लाजेपोटी त्याने एक झकास भोवरा काढून दिला. दादाने तो मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवला. “बघा! आमच्या बंधूंनी आकाशाचा पडदा रंगवलाय. आता फक्त नायिका यायची राहिलीय!” मंडळ पोट धरून हसलं. त्या संध्याकाळी दादाने कायदा घालून दिला. “धाकट्या, हात तुझा, डोळा माझा. तू बघायचं नाहीस. बघितलंस की पदरचं घालशील. मी सांगेन तसं काढायचं.”

तेव्हापासून दुकान बंद झाल्यावर गच्चीवर रोज हा प्रवेश व्हायचा. आभाळ स्वच्छ असलं की दुर्बिणीच्या पायाशी धाकटा बसे. नाटकातल्या दिव्यांना लावायचा लाल जिलेटिन कागद त्याने टॉर्चला गुंडाळला होता, कारण लाल उजेडाने दुसऱ्याचा डोळा दिपत नाही. दुर्बिणीच्या दिशा दाखवणाऱ्या तबकड्यांवरचे आकडे वाचून तो दुर्बीण वळवून द्यायचा. पुढचं झाकण मात्र दादाच काढायचा. “पडदा उघडणं मालकाचं काम,” म्हणायचा. मग काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्र सुरू व्हायचं.

सप्तर्षींच्या शेपटाशी भोवऱ्यासारखी एक दीर्घिका आहे, आणि तिला चिकटून दुसरी, लहान. दादाची ती सगळ्यात लाडकी. वर्षातून दोनदा तरी तिचं चित्र व्हायचंच.

“मधे गाठ काढ. बोटाने पूस, कडा राहता कामा नये.”

“पुसली.”

“डावीकडून एक भुजा निघते. वळव. अजून. अरे, आवळू नकोस, सैल वळव. थांब, इथे फिकी होते.”

“आणि धाकटी?”

“भुजेच्या टोकाला लोंबकळतेय. तुझ्यासारखी.”

दोघंही हसायचे. धाकट्याला हा विनोद बरा वाटायचा. कुठे का होईना, आकाशात आपली जागा आहे असं वाटायचं. चित्राखाली सही दादाची असे. त्यालाही त्याची हरकत नव्हती. धबधब्याखाली तरी कुठे सही होती?

अशी वर्षं गेली आणि चित्रांची चळत पेटीत मावेनाशी झाली. दादाचं नाव लांबलांब पोहोचलं. त्याला थोडा ताठा आलाय असं गिऱ्हाइकं म्हणू लागली; बोलताना तो तुमच्याकडे बघतच नाही, कानाकडे बघतो. नंबर काढायच्या यंत्रावर त्याने एक पगारी बाई बसवली. धाकट्याला वाटलं, मोठा माणूस झाला की असंच होतं.

मग मंडळाने नवीन सभागृह बांधलं आणि दादांची सगळी चित्रं तिथे कायमची लावायची ठरवली. त्या आनंदात दोघं भाऊ पुन्हा एकदा तीच दीर्घिका काढायला बसले. दादाला त्या रात्री असा रंग चढला होता की विचारू नका. भुजेतल्या गाठी मोजून सांगत होता, दोन भुजांमधली काळी फट सांगत होता. धाकट्याचा खडू धावत होता. चित्र संपलं तेव्हा दोघांनाही दम लागला होता. दादा कठड्याला हात लावत लावत जिना उतरून गेला.

धाकटा आवराआवर करू लागला. दुर्बिणीचं झाकण लावायला गेला, तर झाकण लागलेलंच होतं.

त्याने लाल टॉर्च जवळ नेला. झाकणावर दव साचलं होतं. सगळीकडे सारखं, बारीक. त्यावर बोटाची एकही खूण नव्हती. पडदा उघडलाच नव्हता, आणि नाटक पार पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती.

“वहिनी, दादाला दिसत नाही.”

“हळू. खाली गिऱ्हाईक आहे.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“भावजी, संसार केलाय मी त्यांच्याशी. चहाचा कप उचलायच्या आधी बशी चाचपतात. नजरेतलं मधलं गेलंय, कडेचं तेवढं उरलंय. डॉक्टर म्हणाले, तेही जाईल.”

“कधीपासून?”

वहिनीने शेंगेचं साल बाजूला टाकलं. “चहाचं मी सांगू शकेन. वरचं मला काय माहीत? शेजारी तर तुम्ही बसत होतात.”

तो खोलीत गेला आणि त्याने पेटीतली सगळी चित्रं जमिनीवर मांडली. खोटं बोलताना माणसाचा आवाज बदलतो म्हणतात. हात बदलत नाही. पहिल्या चित्रापासून कालच्या चित्रापर्यंत खडू तसाच ठाम, बोट तसंच हलकं. दादाला खरोखर दिसत होतं तेव्हाचं कुठलं आणि पाठ म्हणायला लागल्यानंतरचं कुठलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आयुष्यभराचं काम समोर पसरलं होतं, आणि त्यातलं आकाशाचं किती आणि दादाच्या तोंडचं किती, तेवढं एक त्याला हवं होतं. सही नको, टाळी नको. तेवढंच.

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा तो खाली उतरला.

“दादा, कुठल्या चित्रापासून?”

“काय कुठल्या?”

“काल झाकण लागलेलं होतं.”

काच पुसणारा दादाचा हात थांबला. “मीच लावलं. जाताना.”

“त्यावर दव होतं. बोट न लागलेलं.”

 दादा काच पुन्हा पुसू लागला. “चित्र कसं झालंय?”

“आजवरचं सगळ्यात चांगलं.”

“मग रडतोस कशाला?”

“दादा, मी कुणाला सांगणार नाही. आईशपथ. मला फक्त सांग, पहिली खरी होती ना? कुठवर खरी? लोकांसमोर मला हसला होतास तू, दिसलं नाही ते काढलं म्हणून. त्यानंतर मी एकदाही डोळा लावला नाही. मग मी काढलं काय इतकी वर्षं?”

“माझ्या दुर्बिणीतून निघालेलं एकही चित्र खोटं नाही,” दादा त्याच्या कानाकडे बघत म्हणाला. “पाट्या रंगवत फिरत होतास, मी आकाश दिलं तुला. त्याचे हे पांग फेडतोयस? जा वर.”

तो वर गेला, पण खोलीत नाही, गच्चीवर. अंधार पडल्यावर त्याने स्वतःच्या हाताने झाकण काढलं. लाल उजेडात तबकड्या त्याच आकड्यांवर आणल्या आणि टॉर्च विझवला. मंडळातले लोक नवशिक्यांना सांगायचे तसा काळोखात बसून राहिला, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग दुर्बिणीला डोळा लावला. काळोख, थोडे तारे. त्याने नजर जरा बाजूला नेली.

आणि ती आली.

भोवरा नव्हता. भुजा नव्हत्या. दोन डाग होते, ओल्या बोटाने खडू पुसावा तसे, शेजारी शेजारी. कुणी कुणाला लोंबकळत नव्हतं. एक थोडा मोठा म्हटला तर होता, नाही म्हटला तर दोघं सारखेच. सरळ बघितलं की दोन्ही पळायचे, बाजूला बघितलं की दोन्ही परतायचे.  इतकं साधं, इतकं लांबचं, आणि हे आपल्यापासून हातभर अंतरावर होतं. मधे फक्त दादा होता.

त्याने खडू घेतला. हाताला भोवऱ्याची सवय. तो आपोआप वळायला बघत होता. त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवलं आणि दोन डाग काढले. बाकी कागद काळा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा चित्राच्या कोपऱ्यात सही केली.

जिना उतरताना मात्र पाय अडखळला. डाग दिसले ते खरे म्हणून, की आपलेच डोळे म्हातारे झाले म्हणून? तरुण होतो तेव्हा बघितलं असतं, तर भुजा दिसल्या असत्या का?

सभागृहात चित्रं लावायच्या दिवशी त्याने ते चित्र चळतीत सगळ्यात वर ठेवलं. मंडळाच्या सेक्रेटरीने ते उचलून धरलं आणि त्याला बाजूला घेतलं.

“पडदेवाले, हे अपुरं राहिलंय हो. दादांची तब्येत बरी नव्हती का?”

“हे मी बघून काढलंय.”

“तुम्ही?” सेक्रेटरी भला माणूस, प्रेमाने हसला. “अहो, तुमचा हात आणि दादांचा डोळा. म्हणून तर ही जोडी! हे राहू द्या घरी, आठवण म्हणून.”

पडदेवाल्याने तोंड उघडलं. समोर, झाकणातून निघालेल्या त्या शेवटच्या चित्राखाली, दादा मान ताठ ठेवून खुर्चीवर बसला होता. येणारा प्रत्येक जण त्याच्याशी हात मिळवत होता आणि तो प्रत्येकाच्या कानाकडे बघून हसत होता. मागे वहिनी उभी होती. ती दादाकडे बघत नव्हती. धाकट्याकडे बघत होती.

त्याने तोंड मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. झाकलेल्या दुर्बिणीला त्या दिवशी सभागृहभर टाळी पडली. तो सवयीने भिंतीच्या कडेला, विंगेतल्यासारखा उभा होता.

घरी आल्यावर त्याने ते चित्र दादाच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय?”

“तीच दीर्घिका. मी काढलेली. बघून.”

दादाने कागदावरून हात फिरवला. बोटाला खडू लागला. “सांग. काय काय काढलंयस?”

इतकी वर्षं दादाने सांगितलं होतं. आता धाकटा सांगू लागला. “दोन डाग आहेत.”

“पुढे?”

“एवढंच. शेजारी शेजारी. जवळजवळ सारखे.”

“भुजा?”

“नाहीत.”

“फट? गाठी?”

“नाहीत, दादा.”

दादाने कागद परत दिला. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कीव होती, आणि तीच धाकट्याला सोसवली नाही. “मग तुझे डोळे गेले, धाकट्या,” दादा म्हणाला. “उद्या दुकानाला सुट्टी आहे. खाली ये. नंबर काढू.”

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून दादाने त्याला खुर्चीत बसवलं. चाचपत चाचपत त्याच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवली, एका डोळ्यावर झाकण लावलं आणि भिंतीकडे हात केला.

“वाच.”

समोर तक्ता होता, त्याने स्वतः रंगवलेला. वरचं मोठं अक्षर त्याने वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरी. खालच्या ओळी धुरकट होत गेल्या, की नाही झाल्या, ते त्याला सांगता येईना, कारण डोळ्याच्या आधी तोंड पुढे जात होतं. प्रत्येक अक्षर त्याने मिशीएवढ्या ब्रशाने काढलेलं होतं; ते त्याला अंधारातही आलं असतं. तो शेवटच्या, मुंगीएवढ्या ओळीपर्यंत न अडखळता वाचत गेला.

दादा भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. तक्ता त्यालाही पाठ होता.

“बरोबर,” तो प्रत्येक अक्षराला म्हणत होता. “बरोबर. बरोबर.”