भिंतीएवढी बाई

आधी चहा घ्या. हे ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुम्हाला गोड लागेल की नाही, सांगता येत नाही. चाळीस वर्षं झाली, पण अजून आठवलं की कान गरम होतात हो!

मी महाडच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. बायकोचा भाऊ लंडनला होता, त्याने तिकीट धाडलं. परतीच्या वाटेवर पॅरिसात एक दिवस मिळणार होता. त्या काळी मुंबईला जाऊन आलेला माणूससुद्धा आठवडाभर भाव खायचा, आणि मी तर पॅरिसला निघालेलो! हेडमास्तरांनी सगळ्या शाळेसमोर बजावलं, ते गालात हसणाऱ्या बाईचं चित्र डोळे भरून बघा आणि येऊन पोरांना सांगा.

मी काय बघितलं? बंद दार. नेमकी त्या दिवशी संग्रहालयाला सुट्टी. तासभर पायरीवर बसलो, त्या बाईचं एक पोस्टकार्ड विकत घेतलं आणि विमानतळ गाठला.

आल्यावर खरं सांगणारच होतो, आईशप्पथ. पण एस.टी.तून उतरतो तर हेडमास्तर हार घेऊन उभे! दुसऱ्या दिवशी सत्कार, शाल, नारळ. मी आपलं मोघम मोघम बोलत होतो, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, केवढं असेल हो ते चित्र? आता पोस्टकार्डावर कुठे माप असतं? एवढं जगात गाजलेलं चित्र, लहान कसं असेल? समोर भिंत दिसली. ह्या भिंतीएवढं, म्हणालो. टाळ्या थांबेनात.

मग पोलादपूरच्या शाळेने भाषणाला बोलावलं. तिथली भिंत जास्त मोठी निघाली, त्याला मी काय करणार? बाई वाढली.

हेडमास्तर म्हणाले, आपली पोरं कुठली तिकडे जाणार, तुम्ही शाळेच्या भिंतीवरच काढा. महिनाभर शिडीवर चढून काढलं. नुसतं नाकच हातभर झालं. कुडपणची माणसं डोंगर उतरून बघायला आली. खाली हेडमास्तरांनी मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'मूळ मापात'.

एक दिवस दासगावचा शांताराम आला. बोटीवर खलाशी, सुट्टीवर घरी आलेला. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मास्तर, चित्र झ्याक काढलंत. पण मी बघितलंय ते. आपल्या ट्रंकेच्या झाकणाएवढं हाय."

मी मनात म्हटलं, संपलो आता.

त्याची बोट तिकडच्या बंदरात दुरुस्तीला थांबली होती, तेव्हा कप्तानाने सगळ्यांना पॅरिस दाखवलं होतं. घरी येऊन त्याने बायकोला ट्रंकच पुढे ठेवून दाखवली, एवढं चित्र म्हणून. आता बायको म्हणायची, मास्तर कशाला खोटं बोलतील, तुम्हीच कुठं गेला नाय. सगळं दासगाव त्याला थापाड्या म्हणत होतं.

त्याने चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर परवडलं असतं. पण तो मान खाली घालून मलाच विचारत होता, "मास्तर, मी दुसरंच कायतरी बघून आलो काय हो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धरून त्याला तसाच हेडमास्तरांच्या खोलीत नेलं आणि सगळं ओकून टाकलं. सुट्टी, पायरी, पोस्टकार्ड. शांताराम खरा, मी खोटा.

हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शांतारामला म्हणाले, "बघितलंस? तुझी अब्रू राखायला हा देवमाणूस स्वतःकडे खोटेपणा घेतोय."

मी हातापाया पडून सांगितलं, नाही हो, खरंच गेलो नाही आत. जितकं सांगावं तितके ते जास्तच गहिवरत गेले.

शनिवारी प्रार्थनेनंतर त्यांनी मला दुसरी शाल दिली, मोठ्या मनाबद्दल. टाळ्या वाजवणाऱ्यांत शांताराम सगळ्यात पुढे.

आणि मी काय केलं? शाल खांद्यावर नीट बसावी म्हणून थोडा वाकलो.