चौऱ्याऐंशी किलोचा ड्रायव्हर

निजामचाचांसमोर कुणी "अंदाजे" म्हणलं की त्यांचं डोकं फिरायचं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा सहज बोलून गेला, "अंदाजे दोनशे माणूस असंल," तर हे हातातला घास थांबवून विचारायचे, "मोजलं कुणी?" झालं! शेजाऱ्याचं जेवण गोड लागायचं बंद.

माणूस वजनकाट्याचा. शहागंजच्या घड्याळापासून आत वळलं की बांगड्यांच्या दुकानांमागं निजामुद्दीन काटेवाल्याचं दुकान. पुढं काटे दुरुस्ती, मागं दोन खोल्यांचं घर, बाजूला पत्र्याची लांबोडी शेड. तीस वर्षांत धान्याच्या मोंढ्यातले, भंगारवाल्यांचे, सोनारांचे किती काटे त्यांच्या हाताखालून गेले त्याला गणती नाही. शिक्का मारायचा तो सरकारी साहेब, पण चाचांनी "बरोबर" म्हणेपर्यंत मोंढ्याला चैन पडत नसे. अन् चाचाही कॉलर ताठ करून सांगायचे, "आपल्या हातून गेलेलं वजन चुकत नाय. चुकलं तर दुकानाचं शटर कायमचं खाली."

आता असल्या माणसाचा अन् स्पोर्ट्स कारचा काय संबंध? संबंध लावला राजेंद्र साळवेनं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत त्याचं डाय बनवायचं वर्कशॉप. वय अडतीस, डोक्यात एकच खूळ: रेसच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायची. बक्षिसासाठी नाही, हौसेसाठी. पुण्याच्या एका शौकीन माणसाकडून त्यानं जुनी लाल, दोन दारांची जपानी गाडी घेतली होती. चार वर्षांपूर्वी तो चाचांकडं एक काटा भाड्यानं मागायला आला. कशाला, तर गाडीच्या चारी चाकांवर किती किती भार येतो ते बघायचं. एकच काटा, त्यावर आळीपाळीनं एकेक चाक चढवायचं.

चाचा उसळले. "एक चाक काट्यावर उचललं तर बाकीची तीन खाली राहिली ना? भार सरकला ना मग? वाह रे इंजिनीयर! चार काटे लागतील, चारी एका पातळीत. आण गाडी अमावस्येला."

"अमावस्येला का चाचा?"

"मोंढा बंद असतो. काटे मोकळे असतात."

तेव्हापासून हा रिवाजच पडला. अमावस्या आली की मोंढ्यातून चार सारखे काटे हातगाडीवर चढून शहागंजला यायचे. शेडमधल्या घोटीव फरशीवर चाचा पाण्याची नळी लावून त्यांची पातळी साधायचे आणि त्यावर लाल गाडी चढायची. बाजेचा एक पाय आखूड असला की बाज डुगडुगते, तसंच गाडीचं, चाचा समजावून सांगायचे. पुढचं उजवं अन् मागचं डावं मिळून जेवढा भार, तेवढाच पुढचं डावं अन् मागचं उजवं मिळून यायला हवा. नाहीतर गाडी एका वळणाला शहाणी अन् दुसऱ्या वळणाला येडी. राजेंद्रनं उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअप बसवले होते. स्प्रिंगखालची चकती अर्धा आटा फिरवायची, आकडे बघायचे, परत पाव आटा. दुपार कधी उतरली ते दोघांनाही कळायचं नाही.

हळूहळू गावातले आणखी पाच-सहा हौशी यायला लागले. त्यातल्या शिवमची आई म्हणायची, अमावस्येला गाडीला हात लावू नको. पण चाचांची तारीख अमावस्येचीच, मग शिवम आईला सांगायचा की मित्राकडं जेवायला चाललोय.

राजेंद्रच्या गाडीतून दोन वर्षांत जे जे निघालं ते चाचांनी तोललं आणि शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, पुढं तोलणार म्हणून स्वतःचं नाव. मागची सीट, स्टेपनी, गालिचे, एसीचा कॉम्प्रेसर. जे जे चढलं तेही लिहिलं: पत्र्याची घट्ट सीट, जाड ब्रेक पॅड, गाडी उलटली तर जीव वाचवणारा लोखंडी पिंजरा. भिंत बघितली की गाडीचं वजन कळायचं.

राहता राहिला ड्रायव्हर. गाडी रिकामी तोलून काय उपयोग, चालवणारा बसल्यावर भार बदलतोच. पण राजेंद्रला चार-चार तास सीटवर पुतळ्यासारखं बसवायचं कसं? चाचांनी तोडगा काढला. हेल्मेट-बुटांसकट राजेंद्र चौऱ्याऐंशी किलो. म्हणून ज्वारीची दोन पोती भरली, साठ किलोचं मोठं सीटवर अन् चोवीसचं छोटं पायांपाशी. मागच्या दिवाळीत स्वतः तोलून, तोंड शिवून, मोठ्यावर निळ्या रंगानं ठसठशीत लिहिलं: ६०. दुसऱ्या कुणाची गाडी आली तर त्याच्या मापानं वर लोखंडी वजनं ठेवायची किंवा काढायची. पोती कायम तीच. सगळे त्यांना "ड्रायव्हर" म्हणायचे. कामाचा दिवस सोडला तर ड्रायव्हर घराच्या मागच्या खोलीत झोपलेला असायचा.

यंदा राजेंद्रचा नंबर लागला. कोइंबतूरच्या ट्रॅकवर रविवारी हौशी लोकांसाठी दिवस ठेवला होता, त्यात त्याला जागा मिळाली. बुधवारी दुपारी गाडी ट्रकवर चढणार. त्याआधीच्या अमावस्येला शेवटचं तोलून घेतलं.

त्या दिवशी पोतं उचलायला कडुबा होता. मोंढ्यातला जुना हमाल, साठी गाठलेला, काट्यांच्या हातगाडीबरोबर यायचा. त्यानं मोठं पोतं पाठीवर घेतलं, दोन पावलं टाकली अन् थांबला.

"चाचा, आज ड्रायव्हर हलका लागतोय."

"तुझी खुराक वाढली असंल," चाचा म्हणाले. "आकडा वाच त्याच्यावरचा."

"मला कुठं वाचता येतंय?" कडुबानं पोतं सीटवर ठेवलं अन् बिडी पेटवायला बाहेर गेला.

गाडी तोलली तर भिंतीवरच्या बेरजेपेक्षा सोळा किलो हलकी भरली. राजेंद्रनं डोकं खाजवलं. चाचा म्हणाले, "पेट्रोल कमी असंल."

"टाकी अर्धी आहे की."

"मग गेज खोटं दाखवत असंल. गाडी हलकी झाली तर रडतो कशाला? खूश हो!"

ट्रक निघायच्या आधीच्या रविवारी राजेंद्रनं शेंद्र्याला ओळखीच्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात शंकू मांडून गाडी फिरवून बघितली. डाव्या वळणाला लोण्यासारखी वळायची. उजव्या वळणाला मात्र नाक बाहेर काढायची, स्टीअरिंग कितीही पिळा. रात्रीपर्यंत त्यांच्या ग्रुपवर चर्चा पेटली. शिवमनं लिहिलं, "राजूभाऊ, आता पुण्याला मशीनवर नेऊन बघा. चाचांचं वय झालं." ग्रुपवर चाचाही होते. वाचलं त्यांनी. सकाळी नमाजानंतर परत वाचलं.

लई लागलं ते त्यांना. तीस वर्षांत त्यांच्या वजनाला कुणी असं म्हणलं नव्हतं. चहा पिताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: राजेंद्र खोटं बोलतोय! रोज मटणाचा नान-खलिया हाणायचा, पोट सुटलेलं अन् सांगायचं चौऱ्याऐंशी. त्यांनी ग्रुपवरच लिहिलं: "मंगळवारी दहा वाजता सगळे दुकानात या. चूक कुणाची ते काटा सांगेल."

मंगळवारी दहाला अख्खा ग्रुप हजर. कडुबाही एक बिघडलेला काटा टाकायला आला होता, तो ओट्यावर टेकला. चाचांनी राजेंद्रला हेल्मेट घालायला लावलं, बूट चढवायला लावले अन् शेडमधल्या मोठ्या काट्यावर उभं केलं. आकडा थरथरला, थांबला.

चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन.

"मी खोटं कशाला बोलू चाचा?" राजेंद्र हेल्मेटमधून म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता.

चाचांनी शिक्क्याची वीस किलोची वजनं काढली. एक ठेवलं, वीस. दुसरं ठेवलं, चाळीस. तिसरं, साठ. काटा चोख होता. राजेंद्र खरा, काटा खरा. मग राहिलं काय?

"म्या तं त्या दिशीच म्हणलो व्हतो," कडुबा ओट्यावरून बोलला.

चाचांनी मान वळवून भिंतीकडं बघितलं. सोळा किलो. मग ते स्वतः आत गेले, मोठं पोतं ओढत आणलं अन् काट्यावर टाकलं. पोत्यावर निळा आकडा ६०, काट्यावर लाल आकडा चव्वेचाळीस.

"राहत!"

राहतचाची चहाचा ट्रे घेऊन दारातच होत्या. त्यांनी पोतं बघितलं, नवऱ्याचं तोंड बघितलं, अन् ट्रे शांतपणे स्टुलावर ठेवला. "हौ, मैंच निकाली. दिवाळीपासून पडलेली ज्वारी, सोंडे लगते थे. दळून आणली, परत शिवून ठेवलं."

"कितनी निकाली?"

"मोजली नाय." चाचींनी जरा विचार केला. "अंदाजे पंधरा-सोळा किलो."

पोरं खो खो हसत सुटली. राजेंद्र हेल्मेटसकट काट्यावर बसला. "चाचा," शिवम डोळे पुसत म्हणाला, "तुम्ही ड्रायव्हर खाल्ला!"

चाचांना हसू आलं नाही. बायकोवर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. रोज दुपारी चार भाकरी कुणी खाल्ल्या? अन् ज्वारी पुन्हा न तोलता पोतं सीटवर कुणी ठेवू दिलं? दुसऱ्याचा आकडा असता तर दहा वेळा तोलला असता. हा स्वतःच्या हातानं लिहिलेला होता, म्हणून डोळे झाकून मानला. कडुबानं सांगितलं तेही उडवून लावलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. आणि वर निघाले होते राजेंद्रला चार माणसांत खोटं पाडायला.

"राजूभाऊ, माफ कर," ते म्हणाले. "चूक माझी. काट्याची नाय, तुझी नाय, हिचीपण नाय."

तेवढ्यावर भागलं असतं. राजेंद्रनं तर म्हणलंही, "जाऊ द्या चाचा, आपलं आपल्यात राहू द्या." पण चाचांनी फोन काढला, चष्मा वर-खाली केला अन् सगळ्यांसमोर ग्रुपवर एकेक अक्षर शोधत लिहिलं: "दिवाळीपासून मी तोललेल्या सगळ्या गाड्या चुकीच्या. पुन्हा घेऊन या. निजामुद्दीन."

"माझी कशाला?" शिवम घाबरला. "माझी एक नंबर चालते! हात लावू नका चाचा!"

आता अडचण काट्यांची. पुढची अमावस्या लांब, ट्रक उद्या दुपारी. अन् मोंढ्याचा दिवस भरातला. चालू दिवशी चार काटे मागायचे म्हणजे व्यापाऱ्यांना कारण सांगावं लागणार, की ज्याच्या "बरोबर"वर तुम्ही काटा लावता, तो माणूस आपल्या घरातलं पोतं तोलायला चुकला. राजेंद्र म्हणाला, काहीतरी दुसरं सांगू. चाचांनी ते धुडकावून लावलं.

बुधवारी सकाळी चाचा मोंढ्यात पुंजाराम शेठच्या आडतीवर गेले. मापं चालू होती, हमालांची रांग लागली होती. चाचांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ड्रायव्हर, सोळा किलो, भाकरी, काही लपवलं नाही. पुंजाराम शेठ आधी गालात हसले, मग मोठ्यानं हसले, मग ठसका लागेस्तोवर हसले. शेजारच्या आडतीवरचे जमा झाले. चाचा खाली मान घालून उभे.

"निजामभाई," शेठ ठसका आवरत म्हणाले, "एक सांगा. ज्वारी माझ्याच दुकानची होती ना?"

"व्हय."

"भाकरी कशी झाली?"

"...चांगली झाली."

"मग झालं तर!" शेठनं हमालाला आवाज दिला. "माप थांबवा रे दोन तास. काटा उचला. अन् बाजूच्या तिघांना म्हणावं, तुमचेबी द्या. निजामभाईंना पाहिजेत." कुणी कारण विचारलं नाही. वीस मिनिटांत चारी काटे हातगाडीवर होते.

त्या दिवशी ड्रायव्हर म्हणून पोतं बसलं नाही. राजेंद्र स्वतः हेल्मेट घालून दोन तास घामाघूम होत सीटवर बसला अन् चाचा फरशीवर पालथे पडून चकत्या फिरवत होते. तिरपे दोन भार अगदी तंतोतंत जुळले तेव्हा चाचा उठले अन् एवढंच म्हणाले, "ने." ट्रक वेळेवर निघाला.

रविवारी दुपारी कोइंबतूरहून फोन आला. मागं इंजिनांचा नुसता कल्ला. "चाचा! उजवं वळण धरते! रुळावर असल्यासारखी धरते!" राजेंद्र ओरडत होता, बहुतेक रडतही होता. किती वेळात फेरी मारली, कितव्या नंबरला आला, चाचांनी काही विचारलं नाही. "ब्रेक गार होऊ दे मधूनमधून," ते म्हणाले, फोन ठेवला, अन् मग बराच वेळ दुकानात एकटेच हसत बसले.

पुढच्या अमावस्येला शिवम आईला जेवणाचं सांगून गाडी घेऊन आला. पोत्यात ज्वारी पुन्हा भरलेली. निळा आकडा चाचांनी घासून काढला होता, नवीन लिहिला नव्हता. कडुबानं पोतं पाठीवर घेतलं. चाचांनी त्याला काट्याच्या अलीकडं अडवलं.

"थांब. आधी तू सांग. किती?"

कडुबानं पाठ हलवून बघितली.

"साठ," तो म्हणाला. "मूठभर वरच."

पोतं काट्यावर पडलं. साठ पूर्णांक एक.

चाचांनी खडू उचलला. भिंतीवर गाड्यांच्या वजनांच्या वर मोकळी जागा होती, तिथं लिहिलं: "पोतं, ६०.१." अन् त्यापुढं, जिथं ते आजवर फक्त स्वतःचं नाव लिहायचे, तिथं लिहिलं: "तोलणार, कडुबा."

"काय लिवलं चाचा?" कडुबानं विचारलं.

चाचांनी त्याला वाचून दाखवलं.