मुक्ताबाईंच्या खाटेची घंटी

१९७२ साली भागिरथी साळवे नगरच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. तिथं कॅन्सरचं औषध बाटलीतून थेंबथेंब शिरेत जाई. थेंब थांबले तर वाजवायला प्रत्येक खाटेला पितळी घंटी बांधलेली होती. पेशंटनं कोपर जरा वाकवलं तरी थेंब थांबत. दिवसभर घंट्या वाजत, आणि बहुतेक वेळा खरं काही बिघडलेलं नसे. नर्सा कंटाळून उठेनाशा झाल्या.

भागिरथीबाईंनी फळांच्या खोक्याच्या फळ्या कापडात गुंडाळून पेशंटच्या कोपराखाली बांधल्या. हात सरळ राहू लागले आणि घंट्या शांत झाल्या. फक्त खर्डा गावच्या मुक्ताबाईंची घंटी रोज दुपारी तीनला वाजे. जाऊन पाहावं तर मुक्ताबाई गाढ झोपलेल्या, थेंब नीट पडत असलेले, आणि घंटीची दोरी तेवढी हलत असलेली. तरी भागिरथीबाई रोज उठून जात.

एका दुपारी तीन वाजून गेले, पण घंटी वाजली नाही. भागिरथीबाई धावतच गेल्या. सुई शिरेतून निसटली होती, मांस जाळणारं ते औषध शिरेबाहेर झिरपून हात सुजत चालला होता. त्यांनी नळी बंद केली, डॉक्टरांना बोलावलं. हात वाचला.

"मुक्ताबाई, घंटी का नाही वाजवलीत?"

"म्या कवाच वाजवली न्हाई, बाई. पायथ्याला बसायची ती वाजवायची. आज म्हनली, जाते आता."

वॉर्डात नातेवाइकांना बंदी होती. पायथ्याशी चादरीवर कुणी बसून उठल्यासारखा खळगा होता. भागिरथीबाईंनी तो हातानं सारखा केला. त्या दिवसापासून घंटीची वाट न पाहता त्या दर अर्ध्या तासानं प्रत्येक खाटेपाशी जाऊ लागल्या.