शून्य नेहमी कुसुमताईंचं

लग्न होऊन बरकतपुऱ्याच्या घरी आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मला पहिला धक्का बसला. सासूबाई आणि सासरे समोरासमोर चहाला बसले होते.

“चहा गार होतोय,” कुसुमताई म्हणाल्या.

“बरं,” हिम्मतराव म्हणाले.

“बरं काय, प्या ना!”

“पितो.”

“साखर नाही टाकली बरं का.”

“साखरेशिवाय चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, हे तुलाही ठाऊक!”

“डॉक्टरांना सांगा.”

असं पुढे बराच वेळ चाललं. मग एकाएकी सासूबाईंनी मूठ मिटून टेबलावर ठेवली आणि गप्प बसल्या. सासऱ्यांनी शांतपणे पेपर उघडला. मी हादरले. पुण्याला आमच्याकडे भांडणं व्हायची, पण ती नीट आरडाओरडा करून. हा असला तुटक, थंड प्रकार मी पाहिला नव्हता. मी किशोरला गाठून म्हटलं, “तुझ्या आईबाबांचं बोलणं बंद झालंय.”

तो पोट धरधरून हसला. “बंद कसलं? पाय चाललाय त्यांचा. वाक्यातले शब्द मोज. तीन, एक, चार, एक, पाच, नऊ, दोन.”

बाबा काचीगुड्याच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचे. आई उदगीरकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न करून आल्या तेव्हा सकाळी डोळे उघडल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, आणि मास्तरांना पेपर वाचायचा असायचा. मास्तरांनी तोड काढली. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास म्हणजे पाय, आणि त्याचे दशांश कधी संपत नाहीत. एकेकाने आळीपाळीने बोलायचं, ज्याचा जो आकडा तेवढेच शब्द. शून्य आलं की मूठ मिटायची आणि मास्तरांचा कप रिकामा होईपर्यंत ब्र काढायचा नाही. सुरुवातीचा तीन धरून मोजलं तर पायमध्ये पहिलं शून्य येतं तेहेतिसाव्या, म्हणजे विषम जागी. बोलायला सुरुवात आईंची, त्यामुळे ते शून्य रोज आईंच्याच वाट्याला यायचं. हे त्यांच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली म्हणे, आणि तोवर खेळाची गोडी लागली होती.

एरवी या बाईला गप्प करणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. रिक्षावाल्याला “मीटर कायकू नहीं डालते जी?” असं विचारून त्या स्टेशनपर्यंत सुनावायच्या. भाजीवालीशी तेलुगूत भांडायच्या, दुसऱ्या दिवशी तिलाच लोणचं नेऊन द्यायच्या. मलाही पोळ्यांवरून, पगारावरून, मराठी वाचताना अडखळणाऱ्या माझ्या मुलीवरून भरपूर ऐकवलं. मीही ऐकवलं. आमचं बरं चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं. मलकपेठेतल्या एका हॉस्पिटलात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली, दुसऱ्याच सकाळी. वय ब्याऐंशी. ऑपरेशन केलं तर धोका आहे, नाही केलं तर फार दिवस नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांनी फक्त चष्मा पुसला. आईंनी मात्र ठरवून टाकलं होतं: ऑपरेशन होणार, म्हणजे होणार.

संध्याकाळी मी थर्मासमधून चहा नेला. दोघांचा खेळ सुरू झाला. मला बरं वाटलं, निदान घरच्यासारखं काहीतरी. तेवढ्यात डॉक्टर सहीचा कागद घेऊन आले, तर बाबांनी हात वर करून त्यांना चक्क थांबवलं. मला लाज वाटली. मग आईंकडे बघत बाबा म्हणाले,

“ऑपरेशन नको, मला घरी ने.”

किशोर पांढराफटक पडला. “आई, सांग ना त्यांना!” डॉक्टर म्हणाले, “अम्मा, आप क्या बोलते? कल सुबह का टाइम दिया है मैं.”

आई गप्प. रिक्षावाल्याला न सोडणारी बाई नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न असताना गप्प! माझं डोकंच फिरलं. “अहो आई, बोला की काहीतरी! हा माणूस मरायला निघालाय!” मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तेव्हा मला पलंगाच्या कडेवरची त्यांची मूठ दिसली. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली.

शून्य.

म्हाताऱ्याने मोजून, नेम धरून, बायकोला तोंड उघडता येणार नाही अशाच जागी ते वाक्य टाकलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. असा डाव कुणी आपल्या माणसावर टाकतं का? आणि बाबा सावकाश चहा पीत होते. आम्ही सगळे उभे, डॉक्टरसुद्धा. आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण मूठ सुटली नाही. घोट घोट करत तो कप संपला.

“आता बोल,” बाबा म्हणाले. दोन शब्द.

पुढचा आकडा आठ. आता ही बाई फुटणार, असं मला वाटलं. आठ शब्दांत नकार सहज मावला असता. पण तेवढ्या वेळात आईंना बाबांचं म्हणणं ऐकावं लागलं होतं, मध्ये न बोलता. आईंनी नाक पुसलं.

“नेते, पण यापुढे सकाळचा चहा तुम्ही करायचा, कबूल?”

बाबा हसले. त्यांचेही आठच होते. “कबूल, पण साखर किती ते तू विचारायचं नाहीस.”

घरी आल्यावर त्यांनी रोज सकाळी चहा केला, भिंतीचा आधार घेत. स्वतःच्या कपात दोन दोन चमचे साखर टाकली. आई बघायच्या आणि खरोखरच विचारायच्या नाहीत. संक्रांतीच्या आधी, एका दुपारी झोपेतच बाबा गेले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या सकाळी चहा मी केला. आईंनी एक घोट घेतला.

“साखर नाही टाकलीस.”

“विसरले,” मी म्हटलं. त्या कधी साखर घ्यायच्याच नाहीत.

“आता मला चालते गं.”

मी सवयीने मोजलं. तीन, एक, चार. त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. एकच शब्द हवा होता, आणि तो बाबांचा होता. मी डबा उघडला, त्यांच्या कपात दोन चमचे साखर टाकली.

“घ्या,” मी म्हटलं.

पुढचं वाक्य आईंचं, पाच शब्दांचं. पहिले दोन त्या बोलल्या. उरलेले तीन मला ऐकू आले नाहीत, कारण मीच मोठ्याने रडत होते.